तंबोऱ्याचं तिकीट

मला सूर कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. सदतीस वर्षं गाणाऱ्या बाईबरोबर संसार केला, पण यमन कुठला अन् भूप कुठला हे मानेवर सुरी ठेवून विचारलं तरी मला सांगता यायचं नाही. मी पाटबंधारे खात्यातला माणूस. धरणात पाणी किती आलं, कालव्याला किती सोडलं, दरवाजे किती उचलले, हे विचारा. मूळ गाव करमाडजवळ. धाकटा भाऊ अजून तिथली शेती बघतो. नोकरीची बरीच वर्षं पैठणला गेली आणि निवृत्त झाल्यावर आम्ही औरंगाबादला सिडकोत घर घेतलं. ती घरीच मुलींना गाणं शिकवायची. रोज दुपारी चारनंतर माझ्या दारात चपला काढायला जागा नसायची, आणि मी तोंड वाकडं करून गॅलरीत पेपर वाचत बसायचो.

तिचा तंबोरा मिरजेचा. लग्नात तिच्याबरोबरच घरात आला. माझी आई आल्यागेल्याला सांगायची, "लोकाच्या सुना सोनं घेऊन येत्यात, आमची भोपळा घेऊन आली." ती हसायची. ती सगळ्यावरच हसायची, आणि मी सगळ्यावरच चिडायचो; तसा आमचा संसार वाटून घेतलेला होता. पैठणहून औरंगाबादला कार्यक्रमाला जायचं तर एस्टीत तंबोरा तिच्या मांडीवर उभा. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्याला अर्धं तिकीट पडंल." ही म्हणते कशी, "अर्धं कशाला? पूर्ण फाडा, पण मग त्याला खिडकी पाहिजे." सगळी गाडी हसली. मी बिडकीनपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

तिचा आजार दीड वर्षाचा. शेवटी शेवटी हातात पेला धरवत नव्हता. दवाखान्यात दाखल व्हायचं त्या सकाळी, श्रावण होता, रिक्षा दारात उभी, मी कागदांची पिशवी घेऊन आत-बाहेर करतोय, आणि ही म्हणाली, तंबोरा द्या. मी म्हणालो, "अगं, ही काय वेळ आहे का?" "द्या तर." दिला. पलंगावर बसून तिनं तो लावायला घेतला. दोन्ही हातांनी खुंटी पिळायची, दम लागला की थांबायची, परत पिळायची. मणी सरकवले, तारेखालचे दोरे नखानं इकडं-तिकडं केले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी ओरडलोसुद्धा, हे लपवत नाही. अर्धा तास गेला. मग तिनं चारही तारा एकदा छेडल्या, डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाली, "जुळला. आता मी येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही हं." वर गवसणीची खोळ घातली, कोपऱ्यात ठेवायला सांगितलं. मी ठेवला.

ती आली नाही. मी मात्र तिचा शब्द पाळला. दोन वर्षं त्या तंबोऱ्याच्या एकाही खुंटीला कुणाला बोट लावू दिलं नाही. जुळवून ठेवलाय तिनं, स्वतःच्या हातानं, शेवटचा. त्यात आता कुणी शहाणपणा करायचा नाही. माझ्याजवळ तिचे फोटो आहेत, साड्या आहेत, चष्मा आहे. पण तिनं केलेलं आणि अजून तसंच्या तसं राहिलेलं एवढंच होतं. दसऱ्याला वाद्याची पूजा करतात, तर मी झेंडूचं फूलही हातभर लांबूनच वाहिलं.

तिचे दिवस घालून पाहुणे परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो आणि सवयीनं तोंडातून गेलं, "अगं, साखरेचा डबा कुठंय?" आतल्या खोलीतून आवाज आला. हूं. बारीक, लांबवलेला, मग विरून गेला. अंगावर सरकन काटा आला. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. पुढल्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की माझ्या आवाजानं तारा हलल्या. तंबोऱ्याजवळ कुणी मोठ्यानं बोललं की तो घुमतो, हे मी तिच्या शिकवणीत हजारदा बघितलेलं. लक्षात आलं, पटलंही. पण त्या दिवशी मी चहा बिनसाखरेचा प्यालो आणि त्या खोलीच्या उंबऱ्यात बसून राहिलो. थोड्या वेळानं परत म्हणालो, "अगं." परत हूं.

मग रोजचंच झालं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. "अगं, दूध उतू गेलं." हूं. "अगं, भावाचा फोन होता, कापूस बरा आलाय म्हणे." हूं. शेजारी मिक्सर लागला, जालना रोडवरून मोठा ट्रक गेला, तरी ती आतून काहीतरी म्हणायची, आणि मी म्हणायचो, तुला नाही विचारलं. उन्हाळ्यात, मे महिन्यात, तिचा आवाज घोगरा झाला, खरखरायला लागला. मला वाटलं, तिलाही ऊन बाधतंय. त्या खोलीत कूलर लावला. पावसाळ्यात आवाज एकदम खाली गेला, जड झाला, तेव्हा वाटलं दमलीय. दारावर कुणी तिला विचारत आलं तर मी म्हणायचो, "घरी नाहीत." गेली, वारली हे शब्द मी दोन वर्षांत उच्चारले नाहीत. भाऊ एकदा येऊन दोन दिवस राहिला. त्यानं माझं बोलणं ऐकलं, आणि निघताना चपला घालता घालता म्हणाला, "दादा, लई झालं आता. तो तंबोरा तुझ्या पोरीला देऊन टाक की." मी म्हणालो, "तुझी गाडी चुकंल." तो गेला.

गुरुपौर्णिमेला तिची एक जुनी विद्यार्थिनी आली होती. मोठी झालेली, स्वतः शिकवते आता. फोटोला हार घातला, गवसणी जरा वर करून बघितली आणि भीत भीत म्हणाली, "काका, तारा फार उतरल्यात. जरा लावू का?" माझं टाळकं सटकलं. "तिनं लावलाय तो! तिच्यापेक्षा जास्त कळायला लागलं का तुला? हात लावशील तर बघ!" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून गेली. मला नंतर वाईट वाटलं, पण पस्तावा नाही झाला. मी आपला राखणदार होतो, आणि राखणदारानं दुसरं काय करायचं असतं?

आमची मुलगी दिल्लीला असते, कॉलेजात शिकवते. ती आईकडंच गाणं शिकलेली. आई गेल्यावर गाणं सोडलं. तंबोरा तिनं तीनदा मागितला. पहिल्यांदा मी म्हणालो, बघू. दुसऱ्यांदा म्हणालो, तारांखालची घोडी हललीय, दुरुस्तीला टाकायचाय. तिसऱ्यांदा फोनच ठेवला. बापानं पोरीशी असं वागू नये, कळत होतं. पण तंबोरा गेला तर घरात हूं कोण म्हणणार, हे तिला कसं सांगायचं?

मग या हिवाळ्यात मुलीचाच फोन आला. म्हणाली, "बाबा, मी परत सकाळी गायला बसतेय. मोबाइलवरचा तंबोरा लावून." मी म्हणालो, बरं झालं. मग म्हणाली, "बाबा, आईचा तंबोरा कसा वाजायचा, तेच आठवेना झालंय मला. रोज आठवून बघते. येतच नाही." आणि रडायला लागली. माझी पोर रडणारी नाही, आईवर गेलेली आहे. मी म्हणालो, "रडू नको. माझ्याजवळ आहे. तिनं जुळवला तसाच्या तसा जपून ठेवलाय. मी घेऊन येतो." बोलून गेलो आणि मग बोलल्याबद्दल दिवसभर घरात बेजार होऊन फिरलो.

रेल्वेनं नेला तर चोवीस तासांत दहा जणांचे हात लागणार. विमानाच्या पोटात टाकला तर भोपळ्याचे तुकडे. मुलगी म्हणाली, बाबा, विमान कंपनीला फोन करा, वाद्यासाठी शेजारची जागा काढता येते, तसा नियम आहे. मी फोन केला. पलीकडून वीस मिनिटं कसलंतरी पिपाणीसारखं संगीत ऐकवलं. शिव्या घालून ठेवून दिला आणि कॉम्प्युटरवर स्वतःच तिकीट काढायला बसलो. प्रवासी दोन. पहिल्याचं नाव, आडनाव, वय लिहिलं. दुसऱ्याचं नाव. आता त्या रकान्यात काय लिहायचं? तंबोरा? आडनाव काय, मिरजकर? पुरुष की स्त्री? मग तिचं नाव लिहिलं. सदतीस वर्षांत कुठंही जायचं तर दुसरं तिकीट तिचंच असायचं, हात आपोआप गेला. तिचं नाव मी लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नाहीत, माझी आयुष्यभर 'अगं'च. वयाच्या रकान्यात तिच्या तेव्हाच्या वयात दोन वर्षं मिळवून लिहिलं. बटण दाबलं आणि दोन प्रवाशांचं तिकीट आलं, शेजारी शेजारी, तिला खिडकी. मी मुलीला यातलं काही सांगितलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी दोघांचं चेक-इनही घरूनच करून टाकलं.

रिक्षात चिकलठाणा विमानतळापर्यंत तंबोरा मांडीवर. रिक्षावाला आरशातून बघत होता. "चाचा, ये क्या ले जा रै? दिल्ली में नै मिलता क्या?" मी म्हणालो, "ऐसा नै मिलता." "हाँ, वो बी है," म्हणाला, आणि खड्डे चुकवत सावकाश चालवायला लागला. भला माणूस होता. मी सारखा गवसणीवरून हात फिरवत होतो, खुंट्या जागेवर आहेत ना बघत होतो.

विमानतळ आपला छोटा, पण त्या सकाळी गर्दी होती. काउंटरवरची मुलगी तंबोऱ्याकडं बघून म्हणाली, "सर, हे वर बसणार नाही. खाली द्यावं लागेल."

"याचं तिकीट काढलंय," मी म्हणालो.

तिनं बघितलं. "हे तर मॅडमचं सीट आहे."

"त्यांचाच तंबोरा आहे. मांडीवर घेऊन बसतात त्या."

"कुठंयत मॅडम?"

आता खरं सांगितलं तर हिनं तिकीट रद्द करायचं आणि तंबोरा हमालांच्या हातात जायचा. मी म्हणालो, "मागून येतेय."

इतकं सहज तोंडातून आलं की मलाच नवल वाटलं. माझ्यामागं रांग खोळंबली होती. "बरं, गेटवर बघतील," म्हणून तिनं गवसणीला एक चिठ्ठी बांधली आणि मला सोडलं.

पुढं तपासणी. तंबोरा यंत्रातून जाईना. एका जवानानं गवसणी काढायला लावली, भोपळ्यावर टकटक केलं, भोपळ्याच्या तोंडाशी बॅटरी लावून बघितलं. तोवर मी दात-ओठ खाऊन गप्प होतो. मग म्हणाला, "तार ढीली करके दिखाओ," आणि त्याचा हात खुंटीवर गेला. मी ओरडलो. "हात नहीं लगाने का!" सगळा हॉल वळून बघायला लागला. दुसरे दोघे जवळ आले. म्हातारा एवढा का भडकतोय, म्हणजे आत काहीतरी आहे, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं असतं. त्यांचा साहेब आला. मी त्याच्यापुढं हात जोडले. जन्मात वरिष्ठांपुढं जोडले नव्हते ते हात. "साहेब, काय तपासायचं ते तपासा. मला तपासा, कपडे काढायला लावा. पण खुंटी फिरवू नका. मेरी घरवाली ने लगाया है, वैसाच रखना है." त्यानं माझ्याकडं बघितलं. स्फोटकं हुडकायची एक कागदाची पट्टी तारांवरून, भोपळ्यावरून फिरवली, यंत्रात घालून बघितली, आणि म्हणाला, "जाओ बाबाजी." खुर्चीवर बसून मी गवसणी घालत होतो तर नाडी बांधता येईना.

माझा बेत असा की सगळे चढून जाऊ द्यायचे, मग गर्दी नसताना गेटवरच्या माणसाला कोपऱ्यात घेऊन समजावायचं. म्हणून मी मागं बसून राहिलो. रांग सरकली, संपत आली. आणि वरून, छतातल्या भोंग्यातून, तिचं नाव आलं.

पूर्ण नाव. आधी तिचं, मग माझं, मग आडनाव. "दिल्लीला जाणाऱ्या प्रवासी श्रीमती," आणि नाव, "कृपया त्वरित गेटवर यावे." मग हिंदीत तेच. मग इंग्रजीत, वेडंवाकडं उच्चारून. दोन वर्षांत ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मुलींना ती बाई, शेजाऱ्यांना काकू, भावाला वहिनी. नावानं तिला हाक मारणारी माणसं सगळी आधीच गेलेली. आणि आता ते सगळ्या हॉलभर घुमत होतं. तीनदा. लोक इकडं-तिकडं बघायला लागले, कोण ही बाई उशीर करतेय. समोरची एक आजी आपल्या सुनेला म्हणाली, "अगं, येत असंल बिचारी पळत." सगळ्यांनी दाराकडं बघितलं. मीही बघितलं. देवाशपथ सांगतो, मी खरंच वाट बघितली. ती अशीच उशीर करायची, पदर सावरत यायची, वर मलाच म्हणायची, ओरडू नका, आले ना.

चौथ्यांदा नाव पुकारलं तेव्हा मी उठलो आणि तंबोरा घेऊन गेटवरच्या मुलीपाशी गेलो. चोवीस-पंचवीसची पोर, बोलण्यावरून जालन्याकडची. म्हणालो, "पुकारू नका. ती येणार नाही."

"काका, पण त्यांचं चेक-इन झालंय. त्यांचा पत्ता लागल्याशिवाय विमान सोडता येत नाही आम्हाला. त्यांची बॅग आहे का आत? कुठंयत त्या?"

"नाहीयेत."

"नाहीयेत म्हणजे? आत्ता तर तुम्ही काउंटरवर सांगितलं म्हणे, मागून येतायत." तिच्या हातातलं यंत्र कुरकुरत होतं, पलीकडून कुणीतरी तिला घाई करत होतं. "काका, नीट सांगा ना. विमान थांबलंय."

मी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणालो, "वारली ती."

पोरीचा चेहरा पांढराफटक. "अगंबाई! आत्ता? इथं?"

"नाही, नाही. दोन वर्षं झाली."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तंबोऱ्याकडं बघितलं, हातातल्या यादीकडं बघितलं. मला वाटलं आता ही कुणाला तरी बोलावणार. तिनं बोलावलं एका साहेबाला, त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. साहेबानं एक कागद पुढं केला. त्यावर तिचं नाव होतं. ते एका रेघेनं खोडलं आणि पुढं माझी सही मागितली. मी सही केली. दवाखान्यात केली होती, महानगरपालिकेत दाखल्यासाठी केली होती, तेव्हा एका फटक्यात झाली होती. या वेळी आडनावापाशी पेन थांबलं. "काका, आधी सांगायचं ना हो," ती पोर म्हणाली, आणि तंबोरा खिडकीशी ठेवू द्यायला तिनंच विमानातल्या बाईंना सांगितलं.

तंबोरा खिडकीच्या जागेवर, वर दोन पट्टे जोडून बांधलेला. मी शेजारी. विमानाचं इंजिन सुरू झालं तशी गवसणीच्या आतून तार बोलायला लागली. नुसतं हूं नाही. एकसारखी, न थांबता, जमिनीवर होतो तोवर आणि वर गेल्यावरही. घरी इतकं कधी बोलली नव्हती. माझ्या अगदी ओठांवर आलं, "अगं, घाबरू नको, मी आहे." पण म्हणता येईना. ज्या तोंडानं आत्ता वारली म्हणून सांगितलं, सही करून दिली, त्याच तोंडानं अगं कसं म्हणायचं? दिल्लीपर्यंत ती बोलत राहिली आणि मी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. एवढं अपराधी मला जन्मात वाटलं नव्हतं.

मुलगी घ्यायला आली होती. गाडीत तिनं तंबोरा मागं स्वतःच्या अंगावर रेलून धरला, लहानपणी आईला बिलगायची तशी. घरी गेल्यावर मी चहासुद्धा घेतला नाही. म्हणालो, आधी ऐक. तिनं हातपाय धुतले, सतरंजी टाकली, गवसणी काढली, नमस्कार केला. दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. मला काय अभिमान वाटत होता म्हणून सांगू! वाटेत एवढं सगळं झालं, पण एका खुंटीला कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं. म्हणालो, "तिनं ठेवला तस्साच आहे. वाजव."

तिनं चारही तारा छेडल्या. एकदा. मग हात थांबला. परत छेडल्या, हळू. आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाबा, हा जुळलेला नाहीये."

"काय बोलतेस? आईनं जुळवलाय तो. माझ्या डोळ्यांदेखत."

"दोन वर्षांपूर्वी, बाबा."

"म्हणून तर! तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. आता तिनं बघितलं माझ्याकडं. "तारा आठ दिवससुद्धा जागेवर राहत नाहीत. आपल्याकडच्या उन्हात तर दोन तास राहत नाहीत. आई रोज लावायची. दिवसातून चार-चारदा लावायची. तुम्ही बघायचात की."

बघायचो. गॅलरीत पेपर वाचत. आतून टँव टँव चालायचं तासतासभर आणि मी ओरडायचो, एकदाचा जुळव की तो. मला कधी वाटलंच नाही की तो रोज उतरतो म्हणून ती रोज लावते. मी म्हणालो, "यात तिचं काहीच नाही?"

तिनं प्रत्येक तार वेगळी वाजवून दाखवली. मला सूर कळत नाही, पण त्या चार तारांचा एकमेकींशी काही संबंध उरलेला नाही, हे मलाही कळलं. म्हणजे मे महिन्यातली ती खरखर, पावसाळ्यातला तो जड आवाज. मी कूलर लावला होता. दोन वर्षं मी कुणाशी बोलत होतो? मला एकदम, भर दुपारी, पोरीच्या घरात भीती वाटली. तिच्या जाण्याची वाटली नव्हती अशी भीती.

"लावू का, बाबा?" पोरीनं विचारलं. खुंटीवर हात ठेवून थांबली. मी नाही म्हणालो असतो तर तिनं नसता लावला. तशीच गवसणी घालून ठेवला असता, मला माहीत आहे. मग म्हणालो, "लाव."

खुंटी फिरली तशी करकर वाजली. मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ ती लावत होती. मणी सरकवले, दोरे बदलले, एकेक तार परत परत. मध्येच स्वतःशीच म्हणाली, "आईची पट्टी काळी चार," आणि थोडं गुणगुणली. मग एका क्षणाला सगळं थांबलं आणि तिनं चारही तारा एकामागून एक छेडल्या. खोली भरून गेली. एवढा मोठा, एवढा गोड आवाज त्या भोपळ्यातून येतो, यावर माझा विश्वास बसेना.

"आलं!" ती ओरडली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. "आठवलं, बाबा! असाच वाजायचा. असाच. हाच ना आईचा आवाज?"

ती माझ्याकडं बघत होती. तिच्या बोटांखाली तारा वाजत होत्या. सदतीस वर्षं हा आवाज माझ्या घरात होता आणि मला तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटत होता. जी खरखर मी दोन वर्षं कानाशी धरून बसलो, तिनं हा आवाज माझ्यातून कधीच पुसून टाकला होता.

"हाच," मी म्हणालो.